२०.९ नाही? मग का नाही, ते आधी शोधा

टाकीच्या तोंडाशी मीटर धरायचा, वाजला नाही की म्हणायचं "उतरा रे". एवढ्यावर गॅस टेस्टिंग उरकणारी माणसं मला जवळजवळ प्रत्येक शटडाउनला, म्हणजे देखभालीसाठी कारखाना बंद असतो तेव्हा, भेटतात. माझं काम गॅस टेस्टरचं. परमिटवर माझी सही झाल्याशिवाय कोणी आत उतरत नाही, त्यामुळे माझ्याशी हुज्जतही भरपूर घातली जाते. वाद बहुतेक वेळा एकाच मुद्द्यावर येऊन थांबतो: "मॅडम, मीटर तर गप्प आहे, मग अडवताय कशाला?"

मीटरचा अलार्म असतो तो आत असलेल्या माणसाला "पळ बाहेर" म्हणून सांगण्यासाठी. आत जायचं की नाही, हे पडद्यावरचे आकडे वाचून आपण ठरवायचं असतं. त्यातला पहिला ऑक्सिजनचा: मोकळ्या, चांगल्या हवेत तो २०.९ टक्के असतो. टाकी असो, मॅनहोल, सायलो, जहाजाचा बंद कप्पा किंवा मोठ्या व्यासाची पाइपलाइन असो, पद्धत तीच.

मीटर हातात घेण्याआधी चौकशी करा. या टाकीत शेवटचं काय होतं? कशाने धुतली? आतली हवा हाकलायला नायट्रोजन मारला होता का? शेजारून कुठली लाइन येते आणि ती नुसत्या व्हॉल्व्हवर बंद आहे की ब्लाइंड, म्हणजे लाइन पुरती बंद करणारी चकती, टाकलाय? व्हॉल्व्ह गळतो, त्यामुळे माणूस आत जाणार असेल तर मी ब्लाइंड मागते किंवा लाइन सोडवून बाजूला करायला लावते. आत वेल्डिंग, पेंटिंग, रबर लायनिंग यातलं काय होणार आहे? ही चौकशी लागते, कारण नेहमीचा चार गॅसचा मीटर चारच गोष्टी बघतो: ऑक्सिजन, ज्वलनशील वायू, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड. अमोनिया, क्लोरीन, कार्बन डायऑक्साइड, आर्गॉन, सॉल्व्हंटची विषारी वाफ यांच्यासाठी त्यात सेन्सरच नसतो. टाकीत अमोनिया होता हे तुम्हाला माहीत नसेल, तर चारही आकडे झकास दिसतील आणि उतरणाऱ्याचे डोळे आणि घसा पहिल्या मिनिटाला जळतील.

आणि टाकी वर्षभर नुसती रिकामी बंद असली म्हणजे आत चांगली हवा आहे, असंही धरून चालू नका. ओलसर लोखंड गंजताना ऑक्सिजन खातं. आतल्या भिंतींवर गंजाचे पापुद्रे सुटलेले दिसले की मी सावध होते. तिथे कुठला विषारी वायू यायची गरजच नसते. ओला ॲक्टिव्हेटेड कार्बन, साठवलेलं धान्य, लाकडाचा भुसा, कुजणारा गाळ, हे सगळेच ऑक्सिजन खाऊन बसतात.

आता मीटर. रोज कामाला लागण्यापूर्वी बंप टेस्ट करायची, म्हणजे माहीत असलेला गॅस त्याला पाजून तो ओळखतो का ते बघायचं. माझ्याकडच्या सिलिंडरवर मिथेन २.५ टक्के, ऑक्सिजन १८ टक्के, कार्बन मोनॉक्साइड १०० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) आणि हायड्रोजन सल्फाइड २५ पीपीएम असं लिहिलेलं आहे. मीटरने या आकड्यांच्या जवळपास जायला हवं आणि चारही अलार्म वाजायला हवेत. सिलिंडरची मुदत तपासा, हायड्रोजन सल्फाइड त्यात हळूहळू मरतो. "काल तर चालला होता" याला काही अर्थ नाही, कारण ज्वलनशील वायूचा कॅटॅलिटिक सेन्सर मेला की तो शून्य दाखवतो आणि स्वच्छ हवेतही तो शून्यच दाखवतो. पडद्याकडे बघून दोन्हींतला फरक कळत नाही. सिलिकॉनचा स्प्रे, सिलिकॉन ग्रीस, काही पॉलिश यांच्या वाफेने हा सेन्सर कायमचा बाद होतो. मीटर चकचकीत ठेवायचा म्हणून सिलिकॉनवालं पॉलिश मारणारा एक उत्साही भांडारपाल मी पाहिला आहे. मीटर दिसायचा मात्र सुंदर.

मीटर शून्यावर आणायचा तो मोकळ्या हवेत, कामाच्या जागेपासून दूर. मॅनहोलच्या कडेला उभं राहून, शेजारी डिझेल पंप धूर सोडत असताना झिरो केलंत, तर त्या वाईट हवेलाच मीटर "चांगली" समजतो आणि पुढचे सगळे आकडे खोटे पडतात. गार खोलीतून मीटर थेट उन्हात आणला असेल तर आधी त्याला स्थिरावू द्या.

हवा ओढायचा होज, म्हणजे लांब नळी, मीटरला जोडला की टोकावर बोट दाबून धरा. मीटरच्या पंपाचा आवाज बदलायला हवा आणि प्रवाह अडल्याचा अलार्म यायला हवा. आला नाही तर होज कुठेतरी फाटलाय किंवा जोडाशी सैल आहे. मग टोक टाकीच्या तळाशी असलं तरी मीटर तुमच्या पायाजवळची हवा चाखतोय. या तपासणीला दहा सेकंद लागतात आणि नेमकी हीच सगळ्यांत जास्त टाळली जाते. माझ्या होजवर दर मीटरला रंगीत टेप आहे, म्हणजे टोक किती खोल गेलंय ते अंदाजाने ठरवावं लागत नाही. टोकाला पाणी अडवणारा फिल्टर हवाच. तळातलं पाणी एकदा पंपाने ओढलं की त्या दिवसापुरता मीटर संपला.

झाकण उचलण्याआधी पहिली चाचणी करा. झाकणाला छिद्र किंवा व्हेंट असेल तर तिथूनच नळी आत सोडा. छिद्र नसेल तर वारा येतो त्या बाजूला पाठ करून उभे राहा, म्हणजे आतला वायू तुमच्यापासून लांब जाईल, आणि झाकण जेमतेम नळी जाईल इतकंच सरकवा. आत मिथेन असायची शक्यता असेल तर ठिणगी न पाडणारी हत्यारं वापरा. डोकं आत घालून बघायचं नाही, "जरा वास घेऊन बघतो" हेही नाही.

मग उंचीप्रमाणे मोजायचं. मिथेन हवेच्या जवळजवळ निम्म्या वजनाचा, तो वर छताशी जमतो. कार्बन मोनॉक्साइड हवेच्या वजनाचाच, तो कुठेही असतो. हायड्रोजन सल्फाइड थोडा जड. कार्बन डायऑक्साइड दीडपट आणि पेट्रोलची वाफ तीन-चारपट जड, या तळ धरून बसतात. म्हणून वर, मध्ये, तळाशी तर मोजायचंच, पण जागा खोल असेल तर साधारण दर सव्वा मीटरवर थांबायचं. आडव्या पाइपलाइनमध्ये पुढे सरकतानाही हेच अंतर धरा, दोन्ही बाजूंना प्रोब, म्हणजे होजच्या टोकाची नळी, फिरवा, आणि आकडा स्थिर व्हायला वेळ मिळेल त्याच चालीने पुढे जा. बॅफल (आतले आडपडदे), कोपरे, तळातला खड्डा, आडव्या नोझलची (पाइप जोडायच्या तोंडाची) पोकळी हे सोडू नका. हवा तिथे हलत नाही.

प्रत्येक पातळीवर धीर धरा. होजमधून हवा वर यायला मी होजच्या दर मीटर लांबीला तीन सेकंद धरते, आणि त्यावर सेन्सरला स्थिर व्हायला दोन मिनिटं. दहा मीटर होज असेल तर एका पातळीला अडीच मिनिटं झाली. तुमच्या मीटरच्या पुस्तिकेत वेगळा वेळ दिला असेल तर तो पाळा. होज सर्रकन खाली सोडून सर्रकन वर ओढणाऱ्याने फक्त होज ओला केला, टेस्ट केली नाही.

वाचनाचा क्रम ठरलेला आहे: आधी ऑक्सिजन, मग ज्वलनशील, मग विषारी. मीटर चारही आकडे एकदम दाखवतो, तरी नजर याच क्रमाने फिरवा. कॅटॅलिटिक सेन्सर वायू प्रत्यक्ष जाळून मोजतो, आणि जाळायला त्याला ऑक्सिजन लागतो. नायट्रोजन मारलेल्या टाकीत ऑक्सिजन ३ टक्के आणि ज्वलनशील ० दिसलं, तर तो शून्य निरर्थक आहे. टाकी ज्वलनशील वाफेने गच्च भरलेली असू शकते आणि झाकण उघडून हवा शिरली की ती पेट घेण्याजोगी होईल. मिथेन हवेत ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान पेटतो. त्याहून जास्त दाट झाला तरी हा सेन्सर घाबरवणारा आकडा दाखवून परत खाली येऊ शकतो. म्हणून होज खाली जाताना आकडा झरझर चढून पुन्हा पडला, तर तळाशी दिसणाऱ्या आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही.

आता मर्यादा. ऑक्सिजन १९.५ ते २३.५ टक्के. ज्वलनशील वायू एलईएलच्या १० टक्क्यांखाली. एलईएल म्हणजे ज्या प्रमाणाला वायू पेट घेऊ शकतो ते सगळ्यांत कमी प्रमाण. कार्बन मोनॉक्साइड ३५ पीपीएम आणि हायड्रोजन सल्फाइड १० पीपीएम, या माझ्या मीटरवरच्या अलार्मच्या खुणा. कुठे नियम याहून कडक असतील तर ते पाळायचे. हे आकडे भिंतीवरच्या तक्त्यात असतात, सगळ्यांना पाठ असतात, आणि घोटाळा इथेच सुरू होतो. १९.५ हा आकडा लोक पास व्हायच्या मार्कांसारखा वापरतात.

एका शटडाउनमध्ये टाकी धुऊन, ब्लाइंड टाकून, ब्लोअर लावून तयार होती. ऑक्सिजन वर २०.९, मध्ये २०.९, तळाशी २०.२. ज्वलनशील शून्य, बाकी दोन्ही शून्य, मीटर गप्प. वेल्डरांचा फोरमन घड्याळ दाखवत म्हणाला, "अहो, १९.५ ला वाजतो ना तो? मग २०.२ म्हणजे भरपूर झालं." मी होज वर घेतला, मोकळ्या हवेत २०.९ आला, पुन्हा तळाशी सोडला, पुन्हा २०.२. म्हणजे मीटर ठीक होता आणि खाली काहीतरी होतं. टाकीभोवती फिरून बघितलं, तर मागच्या बाजूच्या नोझलमधून आर्गॉनचा होज आत गेलेला. आदल्या पाळीने पाइपचा जोड पर्ज करायला, म्हणजे त्यातली हवा आर्गॉनने हाकलायला, लावला होता आणि जाताना सिलिंडरचा व्हॉल्व्ह पुरता आवळला नव्हता. होजचं टोक कानाशी धरल्यावर बारीक फुसफुस ऐकू येत होती. आर्गॉन हवेपेक्षा जड, त्याला रंग नाही, वास नाही, आणि कुठलाही चार गॅसचा मीटर तो ओळखत नाही. तो होता याचा एकमेव पुरावा म्हणजे ऑक्सिजनमधली ती ०.७ ची तूट.

ती तूट किती मोठी होती ते बघा. हवेत ऑक्सिजन फक्त पाचवा हिस्सा आहे. बाहेरचा वायू आत घुसतो तेव्हा तो सगळ्या हवेला ढकलतो, आणि ऑक्सिजनच्या वाट्याला त्या धक्क्याचा पाचवा भागच येतो. ऑक्सिजन ०.७ ने घटला म्हणजे दुसरं काहीतरी साधारण ३.३ टक्के, म्हणजेच ३३,००० पीपीएम आत आलंय. कार्बन डायऑक्साइड ४०,००० पीपीएमला जीवाला तात्काळ धोका मानतात. तेवढा कार्बन डायऑक्साइड असलेल्या हवेत ऑक्सिजनचा आकडा २०.१ च्या आसपास असेल आणि मीटर चकार शब्द काढणार नाही. १९.५ ला तो वाजेपर्यंत आत ६७,००० पीपीएम अनोळखी वायू जमलेला असू शकतो.

तेव्हा २०.९ पेक्षा वेगळा आकडा दिसला की माझा पहिला प्रश्न "का?" आणि उत्तर मिळेपर्यंत सही नाही. उत्तर नेहमी भयंकरच असतं असंही नाही. वाफेने धुतलेल्या टाकीत हवा ओली आणि गरम असते. ३० अंशांना पूर्ण दमट हवेत पाण्याची वाफच चार टक्क्यांहून जास्त असते आणि तेवढ्याने ऑक्सिजन २०.० पर्यंत उतरलेला दिसतो. टाकी थंड होऊ द्या, कोरडी हवा फिरवा, पुन्हा मोजा. आकडा २०.९ वर आला तर कारण कळलं. न आल्यास अजून शोधायचं आहे. वरच्या बाजूचा आकडाही असाच वाचा: २१.५ म्हणजे बहुतेक गॅस कटिंगचा ऑक्सिजनचा होज आत गळतोय. ऑक्सिजन वाढलेल्या हवेत कपडे, केस, तेलकट हातमोजे भडकन पेटतात. म्हणून जेवणाच्या सुट्टीत कटिंगचे होज टाकीबाहेर काढायला लावते, नुसते व्हॉल्व्ह बंद करून चालत नाही.

एलईएलच्या आकड्याबाबतही हाच खाक्या. १० टक्के ही स्फोटाची मर्यादा आहे, श्वासाची नाही. टोल्यूइन हवेत सुमारे १.१ टक्क्याला पेट घेऊ शकतं. त्याचे १० टक्के म्हणजे ११०० पीपीएम, आणि टोल्यूइनची जीवघेणी मानलेली पातळी ५०० पीपीएम आहे. म्हणजे अलार्म वाजायच्या कितीतरी आधी माणूस आत गुंगून पडेल. त्यात मीटर मिथेनवर कॅलिब्रेट केलेला, म्हणजे मिथेनच्या हिशोबाने जुळवलेला, असतो आणि जड वाफेला तो कमी आकडा देतो. शिवाय ही वाफ साध्या रबरी होजमध्ये चिकटून राहते, वर पोचतच नाही. सॉल्व्हंट, थिनर, पेट्रोल असलेल्या जागी मला एलईएल शून्य हवं, २ किंवा ३ नको. सोबत पीपीएममध्ये वाफ मोजणारा फोटोआयोनायझेशनचा मीटर हवा किंवा त्या रसायनाची डिटेक्टर ट्यूब, म्हणजे रंग बदलून प्रमाण दाखवणारी काचेची नळी.

हवा वाईट निघाली तर ब्लोअर. ब्लोअरचा होज तळापर्यंत सोडा, नाहीतर तोंडाशीच हवा आत-बाहेर खेळत राहते. ब्लोअर हवा ओढतो ती जागा जनरेटरच्या धुराड्यापासून दूर हवी. हे सांगायला नको असं वाटतं, पण सांगावं लागतं. तीन मीटर व्यासाच्या, चार मीटर उंच टाकीत साधारण २८ घनमीटर हवा असते. तासाला १००० घनमीटर देणारा ब्लोअर ती पावणेदोन मिनिटांत एकदा बदलतो. हवा चांगली मिसळत असेल तर अशा सात बदलांनंतर मूळ वायूचा हजारावा भाग उरतो, म्हणजे बारा मिनिटं. प्रत्यक्षात कोपऱ्यांमुळे हवा तशी मिसळत नाही, म्हणून मी दुप्पट वेळ धरते आणि शेवटी मीटरलाच विचारते. हवा खेळवायला ऑक्सिजनचा सिलिंडर कधीही सोडायचा नाही.

ब्लोअर चालू असताना मिळालेला चांगला आकडा अर्धाच खरा. ब्लोअर बंद करा, दहा-पंधरा मिनिटं थांबा, पुन्हा सगळ्या पातळ्या मोजा. आकडे टिकले तर वायू संपलाय. पुन्हा चढले तर गळती चालू आहे किंवा गाळातून वायू सुटतोय, आणि तुम्ही फक्त ब्लोअरच्या जोरावर जिवंत आहात.

गाळाबद्दल थोडं जास्त सांगते. शांत पडलेला गाळ मीटरला फसवतो. वरची हवा स्वच्छ, आकडे शून्य, आणि पहिला बूट गाळात रुतला की आतला हायड्रोजन सल्फाइड बुडबुड्यांनी वर येतो. म्हणून उतरण्याआधी बाहेरूनच लांब लाकडी दांड्याने गाळ ढवळा आणि त्याच वेळी प्रोब तिथेच धरून ठेवा. सडक्या अंड्याच्या वासावर भरवसा ठेवणारे भेटतात. वास अगदी कमी प्रमाणात येतो हे खरं, पण १०० पीपीएमच्या आसपास नाक काही मिनिटांत बधिर होतं. वास "गेला" म्हणून पुढे सरकणारा माणूस नेमका जास्त गॅसमध्ये जात असतो. हजार पीपीएमला तर एक-दोन श्वासांत कोसळतो. दिवा किंवा मेणबत्ती सोडून बघायची जुनी रीतही सोडा: कार्बन मोनॉक्साइडने माणूस मारायला पुरेशा हवेत ज्योत मजेत जळते, आणि मिथेन असला तर ती ज्योतच स्फोट करते.

माणूस आत गेला की टेस्टिंग संपत नाही. प्रत्येकाच्या छातीशी, नाकाजवळ चालू मीटर हवा, कमरेच्या पट्ट्याला मागे लटकवलेला नको. बाहेर लक्ष ठेवायला उभा केलेला माणूस, म्हणजे स्टँडबाय, जागा सोडणार नाही, त्याला दुसरं काम द्यायचं नाही, "जरा एक स्पॅनर आणून दे" हेसुद्धा नाही. सुट्टी झाली, सगळे बाहेर आले, की परत जाताना पहिल्यापासून टेस्ट. आत वेल्डिंग किंवा पेंटिंग सुरू झालं की हवा आपणच बिघडवत असतो, तेव्हा मी मधूनमधून तळाला पुन्हा होज सोडते.

अलार्म वाजला की सगळे बाहेर. मीटर बिघडलाय का, याची चर्चा बाहेर उघड्यावर करायची. आतला माणूस कोसळला तर स्टँडबायने हाका मारत आत उडी घ्यायची नाही. अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेने १९८६ मध्ये नोंदवलं होतं की अशा बंदिस्त जागांमधल्या मृतांपैकी ६० टक्क्यांहून अधिक जण दुसऱ्याला वाचवायला गेलेले होते. नायट्रोजनसारख्या वायूत तर गुदमरल्याचं कळतही नाही, कारण श्वास कोंडल्याची जाणीव कार्बन डायऑक्साइड साचल्यामुळे होते आणि तो तर श्वासाबरोबर बाहेर पडतच असतो. म्हणून उतरणाऱ्याच्या अंगात हार्नेस आणि दोर आधीच असतो, वर तिवईला विंच असते आणि बाहेरून ओढून काढायचं असतं. आत जायचंच झालं तर श्वासाचा सिलिंडर पाठीवर घेतलेली, शिकलेली माणसं जातील.

परमिटवर "ओके" लिहू नका. वेळ, पातळी, चारही आकडे, मीटरचा नंबर, बंप टेस्ट केल्याची नोंद आणि मोजणाऱ्याचं नाव लिहा. "तळ, ४ मीटर: २०.९ / ० / ० / ०, सकाळी ९.२०, ब्लोअर बंद" असं लिहिलेलं असलं की दुपारी २०.६ दिसल्यावर पुढच्या पाळीच्या टेस्टरला कळतं की काहीतरी बदललंय. "ओके" वरून त्याला काहीच कळत नाही. काम संपल्यावर पंप काही मिनिटं मोकळ्या हवेत चालू ठेवा, होज आतून वाळवा, फिल्टर ओला असेल तर बदला आणि मीटर चार्जिंगला लावा.